काळी चारचं गाणं

मामा, तुमची लेक गेली. हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असेल, पण मला ते कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्याला सांगावं त्याला इथं ते आधीच ठाऊक असतं. लोक येतात, माझा हात धरतात, पंख्याकडं बघत बसतात. मी त्यांना चहाचं विचारतो. तिच्याबद्दल बोलायला तोंड उघडलं की तेच मला सांगायला लागतात ती कशी होती. म्हणून तुम्हाला लिहितोय. लिहिणं माझं काम नाही, हे तुम्ही जाणता. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि सासऱ्याला पत्र लिहायची वेळ तुम्ही असताना कधी आली नाही, कारण छावणीत तुमचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. आता दुपार आहे. सूनबाई आत झोपली आहे. हा कागद कुणी बघितला तर काय सांगायचं, याचीच मघापासून धाकधूक लागली आहे.

परवा घरी तिच्यासाठी प्रार्थना आहे. चर्चच्या मंडळीतली माणसं येतील, पाळक येतील. खुर्च्या मांडववाल्याला सांगितल्या आहेत, पण तो दोनदा 'हो हो' म्हणाला म्हणून मला जास्तच काळजी वाटते. नळाला पाणी त्या दिवशी येईल की आदल्या दिवशी, चपला कुठं काढायला लावायच्या, वरच्या मजल्यावरचे लोक गाडी दारातच लावतात त्यांना कुणी सांगायचं. या सगळ्या काळज्या मी मुद्दाम करतो, हे मला कळतं. खरी काळजी एकच आहे, ते गाणं. 'दार लोटू नको, मी वाटेवर आहे.' तुम्ही चाल लावलेलं, कुठल्या पुस्तकात नसलेलं, आपल्या मंडळीत प्रत्येक मयताला म्हटलं जाणारं. रीतही तुम्हीच घातलेली. ज्याचं माणूस गेलं त्यानं गाणं उचलायचं, आणि तो ज्या सुरात उचलेल त्या सुरात बाकीच्यांनी जायचं. तिला पुरलं त्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. माझ्या गळ्यातून काही निघालंच नाही. बराच वेळ वाट बघून पाळकांनी प्रार्थना सुरू केली, आणि गाण्याशिवायच तिच्यावर माती पडली. परवा सगळे पुन्हा बघतील. मी जन्मभर दुसऱ्यांच्या मागं वाजवलं, मामा. मी कधी गायलो नाही.

तुम्हाला पडेगावच्या रस्त्यावरचं ते सायकलचं दुकान आठवत असेल. मी बिडकीनकडचा, शहरात नवा, मिसरूड फुटून थोडी वर्षं झालेली. तुम्ही उन्हात सायकल ढकलत येता, कॅरिअरला गिटार बांधलेली, वर पोत्याचं कापड. मी ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधतोय आणि तुमची नजर आत जाते. तिथं टायरांच्या मागं माझी गिटार टांगलेली असते, शहागंजच्या जुन्या बाजारातून घेतलेली, दांडीला थोडा बाक आलेली. आर्केस्ट्रावाल्यांच्या हाताकडं बघून बघून मला तीन कॉर्ड यायच्या, जी, सी आणि डी, आणि त्या तिघींवरच माझा सगळा संसार चालायचा. गाणाऱ्याला सूर उंच हवा असला तर मी गिटारच्या दांडीवर पेन्सिल आडवी ठेवून सायकलच्या ट्यूबच्या रबरानं आवळून बांधायचो. दांडीवर आडव्या तारा ठोकलेल्या असतात, त्या दोन तारांमधल्या जागेला आपण घर म्हणतो. पहिल्या घरात पेन्सिल बांधली की बोटं तीच राहतात आणि सूर अर्धी पायरी चढतो, दुसऱ्या घरात बांधली की आणखी अर्धी. या वस्तूला कॅपो म्हणतात आणि ती चांगली लोखंडी, स्प्रिंग लावलेली विकत मिळते, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही ते रबर बघितलं आणि हसता हसता दुकानाच्या फळीवर बसलात.

"ए पंक्चर! गिटारीचंबी पंक्चर काढलंस का रे?"

"सूर चढवायला बांधलंय, साहेब."

"कुबडी हाय ती, कुबडी. देवानं बोट दिलंय ना? आडवं टाक की!"

आणि तुम्ही माझी गिटार मागून घेतली, अंगठ्याजवळचं बोट सहाही तारांवर आडवं टाकलं आणि तसंच धरून बोट या घरातून त्या घरात सरकवत गेलात. प्रत्येक घरात कॉर्ड स्वच्छ वाजली. दुकानमालक चहा घेऊन आला तो तसाच उभा राहिला. त्या दिवसापासून मी तुमचा शागीर्द झालो आणि माझं नाव पंक्चर पडलं. लग्नानंतर चारचौघांत तुम्ही जावई म्हणायचात, पण आपण दोघंच असलो की पंक्चरच. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी नाही. तीही कधी कधी चिडवायला म्हणायची.

तुमचा कडकपणा बॅन्डमधला होता. कोवळ्या वयात निजामाच्या फौजेच्या बॅन्डमध्ये लागलात, पोलीस ॲक्शननंतर बॅन्ड मोडला, वाजवणारे चहूकडं पांगले. गोव्याकडच्या बॅन्डमास्तरानं जाताना गिटार तुमच्या हातात दिली. पुढं छावणीतच कारकुनी केलीत, पण रविवारी मंडळीत तुम्ही उभे राहिलात की अंगावर वर्दी असल्यासारखेच दिसायचात. गाणाऱ्या माणसांना जी-सी-डी कळत नाही, ती पेटीच्या पट्ट्यांत बोलतात, हे पहिल्यांदा तुम्हीच मला समजावलं. पेटीवरची चौथी काळी पट्टी म्हणजे काळी चार, गिटारवरची जी शार्प. 'दार लोटू नको' काळी चारमध्येच गायचं, हा तुमचा कायदा. पालुपद सगळ्यांनी म्हणायचं, कडवी एकटीनं, आणि ती एकटी म्हणजे तुमची लेक.

माझ्या पहिल्या रविवारी मी काय घोळ घातला होता! तुम्ही मागच्या बाकावरून फक्त "चार!" म्हणालात आणि घाबरून मी पांढरी चार धरली. तिनं काळी चारमध्ये तोंड उघडलं, मी खालून भलतंच वाजवतोय. दुसरी कुणी असती तर थांबली असती. ती आपल्या सुरावर उभी राहिली आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनीच म्हणाली, ये की वर. मी तारा सोडून नुसता लाकडावर ताल धरला. उपासना संपल्यावर अंगणात ती मैत्रिणींना सांगत होती, "नवीन गिटारवाला लई भारी हाय. गिटारचा तबला करतो." मला तोंड लपवायला जागा नव्हती. पण लग्नाचा विचार पहिल्यांदा त्याच दिवशी मनात आला, हे तुम्हाला आज सांगायला हरकत नाही.

त्या गाणाऱ्या बायकांच्या रांगेत कडेला मामी उभ्या असायच्या. हातात पुस्तक उघडं, उपासनेला नेसायचं पांढरं लुगडं, ओठ मिटलेले. पालुपदालाही मिटलेलेच. मला वाटायचं, मामींना गाता येत नाही, मास्तरांची बायको म्हणून उभ्या राहतात. एकदा मी तसं तिला बोललोही. ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि मला वाटलं भाजी लागली असेल.

एक रविवार असा होता की तुमच्या लेकीला सर्दी होती. ती म्हणाली, "पप्पा, आज जरा उतरवा ना. अर्धीच."

"गाणं उतरत न्हाई. माणसानं चढायचं असतं."

"घसा धरलाय वो."

"बॅन्डात पन्नास मान्सं एका सुरात उभी ऱ्हायची. एकानं आपल्या सोयीनं उतरवलं तर त्याला बॅन्ड म्हनत न्हाईत, बाजार म्हनतात."

ती चढली. वरच्या जागी तिचा आवाज फाटला आणि लोकांनी खाली बघितलं. मामी पुस्तकाकडंच बघत होत्या. पुस्तकात ते गाणं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

आणि तेच तुम्ही मयताला गेलात की वेगळे व्हायचात. पडेगावची ती बाई मला अजून दिसते. तिचा कर्ता मुलगा गेलेला, ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले. घरात एवढी माणसं आणि हवा नाही. ती गाणं उचलते, खालून, जवळजवळ बोलल्यासारखं. मी पेन्सिल आणि रबर घेऊन धावतो. पहिल्या घरात बांधतो तर सूर तिच्या खाली पडतो, दुसऱ्या घरात बांधतो तर वर जातो. तिचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे, आणि मध्ये कुठलं घरच नसतं. तुम्ही माझ्याकडून गिटार घेता, न रागावता, रबर सोडून खिशात घालता, कान लाकडाला लावता आणि खुंट्या पिळायला लागता. एकेक तार केसाएवढी. बाई गातच असते. दुसऱ्या ओळीला गिटार तिच्यापाशी पोचलेली असते आणि कुणाला ती आल्याचं कळतही नाही. फक्त त्या बाईनं डोळे उघडले.

येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. मी धीर करून विचारलं, "साहेब, रविवारी कुनी अर्धी पट्टी उतरवा म्हनलं तर तुमी फाडून खाता. अन् हितं?"

"रडनाऱ्याला सूर द्यायचा नसतो, पंक्चर. त्याचा घ्यायचा असतो."

"अन् जो रडत न्हाई त्याला?"

"चूप बैठ. पैदल चल," तुम्ही दख्खनीत म्हणालात आणि सायकलवर टांग मारून पुढं निघून गेलात. मी छावणीपर्यंत गिटार खांद्यावर घेऊन चालत आलो. माझं काय चुकलं, हा विचार मी कित्येक महिने केला.

लग्नात तुम्ही मला कॅपो दिलात. लाल कापडात गुंडाळलेला, लोखंडी, सिकंदराबादहून आणलेला. "घे. ते रबर आता बघवत न्हाई," एवढंच म्हणालात. मी हबकलो. कुबडी म्हणून हसणारा माणूस तीच वस्तू जावयाच्या हातावर ठेवतो. घरी येऊन मी तो दिव्याखाली धरला, तर स्प्रिंगला बारीक गंज चढलेला आणि आतलं रबर मात्र कोरं, एकदाही तारेला न लागलेलं. मला वाटलं, दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला तुमच्या.

तुम्ही होतात तोवर मी मंडळीत काळी चार मोडली नाही. कॅपो पहिल्या घरात लावायचो आणि माझ्या जुन्या जी-सी-डी वाजवायचो, म्हणजे तुमचा सूरही राहिला आणि माझं बोटही वाचलं. तुम्ही बघितलंत, बोलला नाहीत. मग तुम्ही गेलात. तुमच्या मयताला सगळे मामींच्या तोंडाकडं बघत थांबले, कारण रीत तुमचीच. मामी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. डोळे कोरडे, ओठ मिटलेले. वेळ इतका गेला की बाहेरचे लोक आत डोकावायला लागले. शेवटी तुमच्या लेकीनं उचललं, काळी चारमध्येच, रडता रडता, आणि वरची जागा तिनं कशी घेतली ते देवाला ठाऊक. मी समजलो, मामींना धक्का बसलाय. तेव्हा मी असाच काहीतरी समजून घ्यायचो आणि मोकळा व्हायचो.

त्यानंतर कधीतरी तिनं पहिल्यांदा म्हटलं, "अहो, जरा उतरवता का?" मी कॅपो काढून खिशात घातला. एवढंच करायचं होतं. पण गाणं वाजवताना मी चार वेळा मागच्या बाकाकडं बघितलं, तुम्ही उभे आहात की काय म्हणून. पुढच्या वर्षी तिला आणखी उतरायचं होतं, आणि तिथं माझी पंचाईत झाली. कॅपो फक्त चढवतो. मोकळ्या तारांच्या खाली जायला त्याच्याकडं रस्ताच नाही. उतरायचं तर हात बदलावा लागतो. मी जी सोडून डीच्या कॉर्ड धरल्या आणि कॅपो चौथ्या घरात लावला, तेव्हा कुठं काळी तीन मिळाली. ती खूष झाली. मी आठवडाभर झोपलो नाही, कारण बोटं जुन्या जागी पळायची. मग तिसऱ्या घरात आलो. मुलाला वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा तिसऱ्यातच होतो. तिचं गुडघ्याचं दुखणं सुरू झालं तेव्हा दुसऱ्यात. लोक चढायला कॅपो वापरतात, माझा तिच्याबरोबर एकेक घर मागं येत गेला. बाकीचे लोक फोटो बघून म्हणतात, अमक्या साली ती अशी दिसायची. मला विचारलं तर मी हातानं सांगीन. मागच्या वर्षी नाताळात कॅपो लावलाच नाही. नुसत्या मोकळ्या डीमध्ये ती गायली, आणि मला सारखं वाटत होतं की आता याच्याखाली काय करायचं, दुसरा हात कुठला शोधायचा. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "बघू की. इतकी घाई काय हाय?"

घाई होती. पावसाळ्याच्या आधीच तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दुपारच्या वेळी वॉर्डात सगळे पेंगत असायचे, आणि ती गुणगुणायची. माझ्याकडं गिटार नव्हती. मी खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटं धरायचो, सवयीनं. एक दिवस ती माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "आता लई उतरलं, नाय?"

"काळी एक," मी म्हणालो. "सीच्या कॉर्ड धरून पहिल्या घरात लावला की झालं. सोपं हाय."

"पप्पा असते तर मारलं असतं."

"तुला न्हाई, मला."

ती हसली, मग खोकली, मग तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी चादर सारखी करायला लागलो तर म्हणाली, "ते गाणं आईचं व्हतं. शब्द आईचे. पप्पांनी नुसती चाल लावली."

"मामींचं? मामी कुठं गात व्हत्या?"

"लई गायची. तुमी यायच्या आधी. काळी चार आईची पट्टी व्हती. गाण्याची नव्हती."

मग तिनं थांबत थांबत सांगितलं. मामींच्या घशाला कसलं तरी दुखणं झालं, बरं झालं, पण आवाज खाली गेला तो गेला. त्या म्हणायच्या, जरा उतरवा. तुम्ही म्हणायचात, येईल परत, चढ. रविवारमागून रविवार तुम्ही काळी चारच धरायचात आणि त्या चढायचा प्रयत्न करायच्या. एका रविवारी कडवं अर्ध्यात आलं आणि मामींनी तोंड मिटलं. तुम्ही वाजवत राहिलात. शेजारी लेक उभी होती, शाळकरी. तिनं उरलेलं कडवं म्हटलं. "त्या दिवसापासून मी गातेय," ती म्हणाली. "लोक म्हनले, पोरगी तयार झाली. आईनं परत तोंड उघडलं न्हाई. मंग पप्पा सिकंदराबादला गेले, तवा तो कॅपो घिऊन आले. आईच्या पुढ्यात ठिवला. म्हनले, तू म्हनशील तिथं लावतो. आई म्हनली, आता कुनासाठी? अन् पोळ्या लाटत बसली."

मी खाटेच्या दांडीवरचा हात काढून घेतला. ती म्हणाली, "पप्पांनी घरी येऊन तुमच्या गिटारीच्या रबराचं सांगितलं ना, गानाऱ्यासाठी पट्टी बदलतो म्हनून, तवाच मी ठरवलं व्हतं."

"काय?"

"ह्यो माणूस उतरवील म्हनून."

मामा, मला तुमचा राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन दिवस मी तुमचं नाव मनातसुद्धा घेतलं नाही. मामींशेजारी मी इतकी वर्षं जेवलो, त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, आणि त्या दर रविवारी आपलंच गाणं ऐकत तोंड मिटून उभ्या राहायच्या, हे मला तुम्ही सांगायला हवं होतं. मग हळूहळू राग गेला, की मी थकलो, कोण जाणे. मला वाटतं, तुम्हाला पट्टीचं काही पडलं नव्हतं. मामींचा तो आवाज गेला हे तुम्हाला मान्य करायचं नव्हतं. उतरवलं असतं तर तो गेला हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी तिच्याबरोबर एकेक घर मागं येत गेलो ते मोठं मन होतं म्हणून नव्हे. मी भित्रा आहे, तिनं सांगितलं की ऐकायचो. तुम्ही भित्रे नव्हतात, म्हणून हरलात. पडेगावच्या बाईसाठी तुम्ही खुंट्या पिळल्या तेव्हा तुमच्या कपाळावर घाम होता, आणि मी समजलो होतो उकाड्यामुळं.

आता परवाचं. मुलगा म्हणतो, "बाबा, तुमी टेन्शन घेऊ नका. कीबोर्डवाला येतोय. बटण दाबलं की पट्टी बदलते, कुनीबी कुठूनबी गाऊ दे." मी म्हणालो, पण उचलायचं कुणी? तो म्हणाला, "तुमी तर न्हाई ना उचलू शकत. गायनमंडळातली एखादी पोरगी म्हनंल पालुपद." त्याचं चुकलं नाही. त्या दिवशी त्यानंही माझं मिटलेलं तोंड बघितलंय. पण मामा, एका माणसानं तोंड मिटलं की घरात काय काय मिटतं हे मला आता कळलंय, आणि तिच्या प्रार्थनेला मी तसाच उभा राहिलो तर तिला ते आवडणार नाही. तिनं मला त्यासाठी निवडलं नव्हतं.

म्हणून आज सकाळी, मुलगा कामावर गेल्यावर आणि सूनबाई बाजारात गेल्यावर, मी दार लावून गिटार घेतली. कुठली पट्टी धरायची तेच कळेना. तिची काळी चार मला ठाऊक, मधली सगळी घरं ठाऊक, शेवटची काळी एक ठाऊक. माझी कुठली हे कुणी कधी विचारलंच नाही, मीही नाही. शेवटी गिटार बाजूला ठेवली आणि नुसतंच तोंड उघडलं. आवाज आला. चांगला नव्हता, शेजारच्या घरातला कुकर त्यापेक्षा बरा वाजतो, पण आला. पालुपद म्हटलं. पहिलं कडवंही म्हटलं, कसंबसं, हाताला धरून नेल्यासारखं. मग दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी येऊन थांबलो.

मला शब्द येत नाहीत, मामा. इतकी वर्षं तिच्या मागं वाजवलं. ती श्वास कुठं घेते, कुठल्या जागी आवाज थकतो, कुठली कॉर्ड तिच्या आधीच धरून ठेवली तर तिला आधार होतो, हे सगळं मला येतं. पण चुकेन या भीतीनं माझं सगळं लक्ष सुराकडं, आणि मामींनी लिहिलेलं, तिनं शेकडो वेळा माझ्या कानाशी म्हटलेलं दुसरं आणि तिसरं कडवं मी कधी ऐकलंच नाही. मुलाला येत नाही. पुस्तकात नाही. तुम्हाला येत असेल, तुमच्या मागून तिकडं आलेल्या मामींना येत असेल, तिला तर येतंच. हा कागद कुठं धाडायचा ते मला माहीत नाही, म्हणून घडी घालून कपाटात ठेवतो.

परवा पालुपद मी उचलणार आहे. पहिलं कडवं म्हणेन आणि मग पालुपदच पुन्हा पुन्हा धरून राहीन. मंडळीतल्या एखाद्या म्हातारीला पुढचं आठवलं, तर तिच्या पट्टीत जाईन. नाहीच आठवलं, तर तेच म्हणत राहीन. मला पुढचं येत नाही, हे मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.